दोन दोर एकमेकांना पक्के जोडायला नक्की कोणती गाठ मारायची? नेहमीची सरकते

पिवळी_ताडपत्री:
नमस्कार मंडळी, प्रश्न साधाच आहे पण उत्तर कुठे नीट मिळत नाहीये म्हणून इथे विचारतेय. माझ्याकडे एक जाड सुती दोर आहे, साधारण अंगठ्याएवढा, आणि एक बारीक नायलॉनची गुळगुळीत दोरी आहे, जाड दोराच्या निम्मी असेल. जाड दोर ताडपत्रीवरून पलीकडच्या खुंटीपर्यंत पुरत नाही म्हणून पुढे ही नायलॉनची जोडते. जोडताना आपण नेहमी मारतो तीच, एकावर एक दोन निरगाठी. पहिल्यांदा घट्ट वाटते, मग वारा सुटला की ताडपत्री रात्रभर फडफडते आणि सकाळी बघावं तर नायलॉनचं टोक सरकून सरकून गाठीच्या तोंडाशी आलेलं असतं, कधी कधी सुटलेलंच असतं. तीन-चार निरगाठी मारून पाहिल्या तर गाठ एवढी मोठी आणि कडक होते की सोडवता येत नाही, शेवटी कापावी लागते, आणि दर वेळी कापून दोरी आखूड होत चाललीये.

अजून एक, सारख्या जाडीचे दोन दोर पण आहेत, ते जोडून कधीतरी सामान वर ओढायचं असतं. त्याला हीच गाठ चालेल की वेगळी लागते? मला एकच गाठ शिकायची होती जी सगळीकडे चालेल, पण तशी असते का तेच माहीत नाही. कृपया चित्राशिवाय समजेल असं सांगा, व्हिडिओ बघताना त्यांचा हात मधे येतो आणि काहीच दिसत नाही.

सुतळी:
ताई, एकावर एक निरगाठी वाढवत नेल्याने जोड पक्का होत नाही, हे आधी सांगतो कारण बहुतेक सगळेजण हेच करतात. गाठ धरून राहते ती घर्षणामुळे, म्हणजे दोर दोरावर कुठे दाबला जातो आणि ओढ वाढली की तो दाब वाढतो का, यावर सगळं आहे. तुमच्या गाठीत जाड दोर फारसा वळतच नाही, तो जवळजवळ सरळ राहतो आणि बारीक गुळगुळीत दोरी त्याच्यावरून घसरत राहते, त्यात वाऱ्याने ताण-ढील ताण-ढील चालू असतं म्हणजे दर झटक्याला ती थोडी पुढे जाते.

आता तुम्ही ज्या दोन निरगाठी मारता त्यात पण दोन प्रकार होतात आणि कोणता झाला हे आपल्या लक्षातही येत नाही. पहिल्या वेळी डावं टोक उजव्यावर घेतलं आणि दुसऱ्या वेळी उजवं डाव्यावर घेतलं तर रीफ नॉट होते, सपाट बसते, प्रत्येक दोराची दोन्ही अंगं शेजारी शेजारी समांतर बाहेर येतात. दोन्ही वेळा डावंच उजव्यावर घेतलं तर ग्रॅनी नॉट होते, ती वाकडीतिकडी बसते आणि सुटी टोकं दोराला आडवी उभी राहतात. ग्रॅनी एक तर सरकते नाहीतर अशी आवळते की सुटत नाही, आणि यातलं काय होईल ते आधी सांगता येत नाही. तुमच्याकडे दोन्ही होतंय त्यावरून मला वाटतं तुमची बहुतेक वेळा ग्रॅनीच होत असणार.

पण रीफ नॉट बरोबर मारली तरी दोन दोर जोडायला ती वापरायची नाही!! हे मी फार कळकळीने सांगतोय. ती बांधायची गाठ आहे, जोडायची नाही. पुडकं बांधलं, बँडेज बांधलं, शिडाचं कापड गुंडाळून बांधलं, म्हणजे गाठीच्या मागे काहीतरी टेकलेलं आहे आणि ते गाठीला दाबून धरतंय, तिथे ती उत्तम. नुसत्या हवेत दोन दोरांच्या मधे ती असली की धोका. खात्री करायची असेल तर रीफ नॉट मारा आणि एका दोराचं सुटं टोक धरून त्याच दोराच्या लांब अंगापासून लांब, उलट्या दिशेला झटका द्या. तो दोर एकदम सरळ होतो आणि दुसरा दोर त्याच्यावर नुसता फासासारखा राहतो, हाताने सरकवला तर निघून येतो. क्लिफर्ड अॅशली म्हणून गाठींचा मोठा जाणकार होऊन गेला, त्याने १९४४ साली लिहून ठेवलंय की जोडगाठ म्हणून वापरलेल्या रीफ नॉटने दुसऱ्या पाच-सहा गाठींनी मिळून घेतले नसतील एवढे जीव घेतले असावेत.

तुमच्या ताडपत्रीला शीट बेंड, आणि नायलॉन गुळगुळीत आहे म्हणून डबल शीट बेंड. सांगतो कशी ते.

जाड दोराचं टोक दुमडून एक लांबट वळसा करा आणि डाव्या हातात धरा, वळशाचं बंद तोंड उजवीकडे. म्हणजे तुमच्या हातात जाड दोराची दोन अंगं आहेत, एक लांब आणि एक आखूड सुटं. आखूड अंग वर ठेवा. आता बारीक दोरीचं टोक वळशाच्या मागून पुढे काढा, ते वर आखूड अंगाच्या बाजूने मागे न्या, दोन्ही अंगांच्या मागून खाली उतरवा आणि खालून पुन्हा पुढे आणा. आता सगळे इथेच चुकतात, ते टोक परत वळशात घालायचं नाहीये. बारीक दोरीचा जो भाग वळशातून पुढे आलाय त्याच्या खालून ते सरकवायचं, म्हणजे बारीक दोरी स्वतःच्याच खाली दाबली जाते. ओढा. ही झाली साधी शीट बेंड. डबल करायला ओढायच्या आधी तेच टोक अजून एकदा दोन्ही अंगांना मागून वेढा घालून त्याच जागी खालून सरकवा, दोन वेढे शेजारी शेजारी बसले पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नये.

झाल्यावर बघा की दोन्ही आखूड टोकं गाठीच्या एकाच बाजूला आहेत का. विरुद्ध बाजूंना असतील तर ती कमजोर होते, सोडून परत मारा. आणि वळसा नेहमी जाड दोराचाच, बारीक दोरीचा वळसा करून जाड दोर फिरवला तर काही उपयोग नाही, कारण जाड दोर तेवढ्या लहान जागेत वळत नाही आणि बारीकला दाबत नाही.

गाठोडं:
एवढं कशाला, डबल फिशरमन्स मारा आणि विसरून जा. कधीच सरकत नाही. दोन दोर समोरासमोरून शेजारी ठेवा, एकाच्या टोकाने दुसऱ्या दोराभोवती दोन वेढे घ्या आणि टोक त्या दोन्ही वेढ्यांच्या आतून परत बाहेर काढा, दुसऱ्या टोकाने पण असंच पहिल्या दोराभोवती, मग दोन्ही दोर ओढले की त्या दोन गाठी सरकत येऊन एकमेकींना भिडतात. संपलं.

सुतळी:
गाठोडं, गाठ उत्तमच आहे, पण ताईंचा प्रश्न परत वाचा, त्यांना ती नंतर सोडायची आहे. डबल फिशरमन्सवर एकदा जोर आला आणि वरून ओली झाली की ती सोडवायला सुरी लागते. आणि जाडीत एवढा फरक असेल तर तिचे दोन भाग एकमेकांत नीट बसत पण नाहीत.

कडेकपारी:
डबल फिशरमन्सबद्दल थोडं लिहितो कारण माझं काम तिच्यावर चालतं. गिर्यारोहणात बारीक कॉर्डचे कायमचे गोल फास करायला आम्ही तीच वापरतो, सोडवायचीच नसते म्हणून ती तिथे योग्य. बरोबर झालीये की नाही हे बघायची खूण आहे, एका बाजूने बघितलं तर दोन फुल्या शेजारी शेजारी दिसतात आणि उलटून बघितलं तर चार समांतर रेषा एकमेकांत बसलेल्या दिसतात. एका बाजूला फुली आणि त्याच बाजूला शेजारी रेषा असं दिसलं तर एका दोराचे वेढे उलट्या दिशेने घेतले गेलेत, ते धरते पण नीट जुळत नाही, सोडून परत करायची. डायनिमासारखा फार गुळगुळीत धागा असेल तर दोनच्या जागी तीन वेढे घेतात.

सामान ओढायला सारख्या जाडीचे दोन दोर असतील आणि नंतर सोडायचे असतील तर माझं मत झेपेलिन बेंड. माझ्या माहितीत जोडायच्या गाठींमधे हिच्याइतकी भरवशाची गाठ दुसरी नाही, कितीही ताण देऊन झाला तरी हाताने सुटते आणि ताण नसताना हलवली तरी आपोआप ढिली होत नाही. लोक घाबरतात कारण बघायला अवघड वाटते पण इंग्रजी सहा आणि नऊ आठवला की होते.

एका दोराचा इंग्रजी सहा करा, म्हणजे लांब अंग वरून खाली येतं, गोल फिरतं आणि सुटं टोक स्वतःच्या लांब अंगावरून पुढून डावीकडे जातं. दुसऱ्याचा नऊ करा, लांब अंग खालून वर येतं, गोल फिरतं आणि सुटं टोक स्वतःच्या लांब अंगाच्या मागून उजवीकडे जातं. सहाचा गोल नऊच्या गोलावर ठेवा, भोकावर भोक. आता सहाचं टोक जे डावीकडे आहे ते सगळ्याच्या मागे नेऊन दोन्ही भोकांतून मागून पुढे काढा. नऊचं टोक जे उजवीकडे मागे आहे ते सगळ्याच्या पुढे आणून दोन्ही भोकांतून पुढून मागे घाला. दोन्ही लांब अंगं हळूहळू ओढा. नीट बसली की दोन्ही सुटी टोकं दोराला काटकोनात, एकमेकांच्या विरुद्ध दिशांना उभी राहतात. सहा मागे आणि नऊ पुढे ठेवलं तर ही गाठ होत नाही, तेवढं एक लक्षात ठेवा.

पिवळी_ताडपत्री:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. सुतळी दादा, शीट बेंड लगेच करून बघितली, जोर देऊन ओढली तर खरंच हलत नाही. पण ओढणं सोडून हातात धरून थोडी हलवली की ती ढिली होते आणि एकदा तर वेढा निघूनच आला. माझी ताडपत्री तर फडफडते, म्हणजे ताण कधी असतो कधी नसतो, मग ही चालेल का? की मी चुकीची मारतेय? आणि टोक किती लांब सोडायचं हे कोणीच सांगितलं नाही.

सुतळी:
चुकीची मारत नाहीये, तुम्ही तिचा खरा दोष पकडलात. साध्या शीट बेंडला ताण लागतो, ताण गेला आणि हालचाल राहिली की ती मोकळी होत जाते. डबलमधे हे बरंच कमी होतं पण अगदी जात नाही. म्हणून फडफडणाऱ्या ठिकाणी मी डबल मारून उरलेल्या टोकाची आपल्याच लांब दोराभोवती एक निरगाठ घालतो, अगदी गाठीला चिकटून. ती निरगाठ ताण घेत नाही, फक्त टोकाला मागे सरकू देत नाही. आणि ताडपत्री मुळात फडफडू नये यासाठी खुंटीकडची बाजू ताणून बांधा, ढिली ताडपत्री गाठीचं, दोराचं आणि स्वतःचं तिन्हीचं नुकसान करते.

टोक दोराच्या जाडीच्या निदान दहा-बारा पट सोडायचं. ६ मिमीची दोरी असेल तर ७ सेंमीच्या आसपास, १२ मिमीचा दोर असेल तर १५ सेंमी तरी. गुळगुळीत दोरीला अजून जास्त. टोक लांब दिसतं म्हणून कापून सुबक करायची सवय असते लोकांना, ती वाईट, टोक थोडं सरकलं तर ते कळायला आणि वेळ मिळायला तेवढी लांबी हवीच.

आणि गाठ मारून झाली की लगेच भार देऊ नका. आधी सगळे वेढे बोटाने सारखे करून घ्या, कुठे एक अंग दुसऱ्यावर चढलेलं नसावं, मग चारही अंगं, म्हणजे दोन लांब आणि दोन आखूड, एकेक करून आवळा, मग दोन्ही लांब अंगं धरून अंगाच्या वजनाने ओढून बघा. गाठीचा आकार तसाच राहिला तर ठीक. माझ्या मते सुटणाऱ्या गाठींपैकी बऱ्याच या आवळायच्या आळसाने सुटतात, गाठ चुकीची म्हणून नाही.

विणकर_मी:
शीट बेंडचं नाव निघालं म्हणून लिहितेय. मागावर सूत तुटलं की आम्ही जी बारीक गाठ मारतो तिची रचना हुबेहूब हीच आहे, फक्त मारायची पद्धत वेगळी, दोन टोकं अंगठा आणि बोटात फुलीसारखी धरून एका हाताने वेढा देऊन करतात, सरावाने डोळे न लावता होते. सुताला तीच का, तर ती लहान आणि चपटी बसते, फणीतून अडकून न बसता निघून जाते, आणि कापडात विणली गेली की ताण कायम राहतो म्हणून सुटायचा प्रश्न येत नाही. म्हणजे ताण असेल तोवर ती धरते हा जो गुण-दोष वर सांगितलाय तो आमच्याकडे गुणच ठरतो. लोकर विणणाऱ्यांनी मात्र टोकं लांब ठेवून नंतर सुईने आत ओवून टाकावीत, लोकर मऊ असते आणि धुण्यात हलते.

नवखा_भटक्या:
मधेच विचारतो, चपटा पट्टा असेल तर? बॅगेला असतो तसा, पण रुंद. त्यावर शीट बेंड करून बघितली तर गोळा होतो नुसता.

कडेकपारी:
पट्ट्याला वॉटर नॉट. एका पट्ट्याच्या टोकाला साधी ढिली निरगाठ मारा, सपाट ठेवा, पीळ पडू देऊ नका. दुसऱ्या पट्ट्याचं टोक समोरून आणा आणि पहिली गाठ ज्या वाटेने गेलीये त्याच वाटेने उलट दिशेने तिच्यावरून पूर्ण फिरवा, पट्ट्यावर पट्टा चिकटून. मग चारही अंगं ओढून कडक आवळा. दोन्ही टोकं ७ ते ८ सेंमी तरी बाहेर हवीत.

या गाठीची एक गोष्ट फार गंभीर आहे. वारंवार ताण-ढील झाली की तिचं टोक हळूहळू आत सरकतं, एका वेळी एवढं थोडं की दिसत नाही, आणि एक दिवस टोक संपतं. म्हणून दर वापराआधी टोकं मोजून बघायची आणि गाठ परत आवळायची. दर वापराआधी म्हणजे दर वापराआधी, काल बघितली होती हे कारण नाही.

डोलकाठी:
छान चर्चा चाललीये. मी बोटींवर वाढलोय, माझे दोन पैसे.

एक, दोर कशाचा आहे याकडे कोणी फार बघत नाही आणि अर्धं उत्तर तिथेच असतं. सुती आणि काथ्याचा दोर खरखरीत, साधी गाठ पण धरतो, पण ओला झाला की फुगतो आणि गाठ दगड होते. नायलॉन ताणला जातो, गुळगुळीत, ओला झाला की ताकद थोडी कमी होते. पॉलिप्रॉपिलिन म्हणजे तो हलका, पाण्यावर तरंगणारा, बहुतेक वेळा रंगीत दोर, तो या तिन्हींत निसरडा आणि ताठ, त्याच्यात गाठ उसळून सुटू बघते, शिवाय उन्हाने तो ठिसूळ होतो आणि वरून भुसा निघायला लागतो. असा भुसा निघणारा दोर कोणत्याही गाठीने जोडू नका, टाकून द्या. ताईंची दोरी बाहेर उन्हात असते म्हणून मुद्दाम सांगतोय, गाठ बघताना दोर पण बघा.

दोन, गाठ कोणतीही असो, दोर गाठीपाशी कमजोर होतोच. ढोबळमानाने दोराची जी ताकद असते तिच्या ५० ते ७० टक्केच गाठ मारल्यावर उरते, गाठ कोणती आणि दोर कोणता यावर कमी-जास्त. तुटतो तेव्हा बहुतेक वेळा दोर जिथे गाठीत शिरतो अगदी तिथेच तुटतो, कारण तिथे तो तीव्र वळतो आणि बाहेरच्या धाग्यांवर सगळा ताण येतो. म्हणजे दोर ज्या भाराला जेमतेम पुरतो तिथे गाठ मारून लांबवायचा नाही.

तीन, खूप जाड दोर असतील, मनगटाएवढे, तर वरच्या गाठींमधे ते वळतच नाहीत, तिथे कॅरिक बेंड मारतात. जोर आला की ती आपला सपाट आकार सोडून गोळा होते, ते बघून घाबरायचं नाही, तिचं तसंच आहे. टोकं मात्र लांब अंगाला सुतळीने बांधून टाकायची.

आणि कायमचंच जोडायचं असेल तर गाठ मारूच नका, पेड गुंफा. तीन पेडांचा पिळाचा दोर असेल तर दोन्ही टोकांचे पेड काही अंतर उसवायचे, समोरासमोर एकाआड एक बसवायचे, आणि मग प्रत्येक पेड समोरच्या दोराच्या पिळाविरुद्ध एकावरून, पुढच्याखालून असा ओवत जायचा. सुती दोराला तीन फेऱ्या पुरतात, नायलॉनसारख्या निसरड्याला पाच तरी. जोड थोडा जाड होतो पण ताकद ९० टक्क्यांच्या आसपास राहते, गाठीत असं कधी मिळत नाही. दोराचा पीळ बघून हात चालवायचा, घाई केली की पेड ढिले बसतात. हे काम मला स्वतःला कोणत्याही गाठीपेक्षा जास्त आवडतं, हातात दोन दोर होते आणि आता एकच आहे, सांधा बोटाला लागतो पण अडकत नाही.

गाठोडं:
हे पेडांचं मला माहीत नव्हतं, करून बघतो. डोलकाठी, एक शंका, दोन्ही दोरांना बोलाइनचे, म्हणजे ओढल्यावर न आवळणारे, फास करून एकमेकांत अडकवले तर? कुठेतरी वाचलं होतं, सोडायला पण सोपं.

डोलकाठी:
चालतं, पूर्वी जहाजं ओढायच्या दोरांना करायचे, आणि सुटतं पण पटकन. पण दोन फास जिथे एकमेकांत अडकतात तिथे दोर दोरावर घासतो आणि तीव्र वळतो, सतत हलणाऱ्या ठिकाणी तिथेच झिजतो. थोड्या वेळाच्या ओढीला हरकत नाही, रात्रभर वाऱ्यात नको. दोन्ही दोर सारख्या जाडीचे असावेत, बारीक दोर जाड दोराला कापत जातो.

विणकर_मी:
सुतळी, रीफ आणि ग्रॅनीमधे फरक फक्त एका वळणाचा आहे, मग एक धरते आणि एक सरकते असं का? हे मला कधीपासून विचारायचं होतं.

सुतळी:
याचं फार सुंदर उत्तर आता मिळालंय. २०२० मधे एमआयटीच्या संशोधकांनी ताण आला की रंग बदलणारे धागे घेऊन त्यांच्या गाठी मारल्या आणि ओढताना ताण कुठे कुठे जातो ते रंगावरून बघितलं, मग त्याचं गणित बसवलं. त्यांना दिसलं की गाठीत दोर एकमेकांना किती ठिकाणी ओलांडतात हे तर महत्त्वाचं आहेच, पण ओढल्यावर प्रत्येक ओलांडणीपाशी धागा स्वतःभोवती कुठल्या दिशेला पिळला जातो ते पण महत्त्वाचं. एका ठिकाणी एका दिशेला आणि शेजारच्या ठिकाणी उलट दिशेला पिळला जात असेल तर ते पीळ एकमेकांना अडवतात आणि घर्षण वाढतं. रीफमधे असं होतं. ग्रॅनीमधे पीळ एकाच दिशेला जातात म्हणून सगळी गाठ मिळून गडगडते. तसंच झेपेलिन आणि तिच्यासारखीच दिसणारी बटरफ्लाय यांची पण त्यांनी तुलना केली होती आणि झेपेलिन जास्त पक्की ठरली. म्हणजे कडेकपारी जे अनुभवाने सांगतायत ते गणितात पण निघालं.

आणि गाठी सगळ्या जुन्याच असतात असं पण नाही. १९७८ मधे लंडनच्या टाइम्सच्या पहिल्या पानावर एका नव्या जोडगाठीची बातमी आली होती, एडवर्ड हंटर नावाच्या डॉक्टरने वापरात आणलेली, हंटर्स बेंड म्हणतात तिला. नंतर कळलं की अमेरिकेत फिल स्मिथने ती १९५० च्या दशकातच लिहून ठेवली होती. त्या बातमीनंतर गाठींची आवड असलेले लोक एकमेकांना सापडत गेले आणि १९८२ मधे गाठी मारणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. एवढ्या जुन्या कामात विसाव्या शतकात नवं काहीतरी सापडतं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पिवळी_ताडपत्री:
झेपेलिन जमली! आधी सहा मागे ठेवत होते म्हणून नुसते दोन दोर सुटे निघत होते. मग सामान वर ओढायला हीच वापरते. डबल शीट बेंड ताडपत्रीला, वर निरगाठ घालून, ते पण समजलं. शेवटचा प्रश्न, सामान ओढताना जोड कप्पीतून जात नाही, अडकतो, त्याला काही करता येतं का?

कडेकपारी:
गाठ कप्पीतून जबरदस्तीने ओढू नका, दोर कप्पीच्या चाकाच्या आणि कडेच्या मधे शिरतो आणि चिरतो. बारीक करायला टोकं कापायची तर अजिबात नाही. दोन उपाय आहेत, एक तर जोड अशा ठिकाणी ठेवा की सामान वर पोचेपर्यंत तो कप्पीपर्यंत येणारच नाही, म्हणजे लांब दोर सामानाच्या बाजूला घ्या आणि जोड तुमच्या हाताच्या बाजूला. किंवा डोलकाठींनी सांगितलं तसे पेड गुंफा, तो सांधा मोठ्या कप्पीतून जातो.

आणि वर ओढताना खाली कोणी उभं राहणार असेल तर जोडलेला दोर वापरूच नका, पुरेशा लांबीचा एक अखंड दोर घ्या. माणूस ज्या दोरावर लटकणार आहे तिथे तर वाचून शिकलेली कोणतीच गाठ नको, जाणत्या माणसासमोर बसून, त्याच्याकडून तपासून घेऊन शिका.

डोलकाठी:
सहमत. अजून एक, नायलॉनचा दोर असेल आणि जड सामान अडकलं म्हणून दोघं-तिघं मिळून ओढत असाल तर कोणीही दोराच्या रेषेत उभं राहू नका, ना पुढे ना मागे, बाजूला. नायलॉन खूप ताणला जातो आणि तो सगळा ताण आत साठलेला असतो, जोड सुटला किंवा दोर तुटला की टोक त्याच रेषेत मागे येतं, डोळ्याला दिसायच्या आत. मधे दोरावर एखादी जाड गोणी टाकून ठेवा, तुटला तर ती दोराला खाली पाडते. ओढायच्या आधी जोडाकडे एकदा बघा, टोकं मारताना होती तेवढीच बाहेर आहेत ना, मगच ओढा.